निर्णय वरचा, पण अंदाज आपला

या महिन्याच्या टपालात एकच सूर पुन्हा पुन्हा ऐकू आला : टेक्नॉलॉजी बदलायचं वरून ठरलं, आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आता निस्तरायचं मात्र आम्हीच. पत्रं पुण्याहून, ठाण्याहून, नाशिकहून आली आहेत, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातून आली आहेत आणि थेट न्यू जर्सीहूनही. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. माणसाची किंवा कंपनीची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

उत्तरांआधी माझी भूमिका सांगतो, कारण सगळी उत्तरं तिच्यावरच उभी आहेत. कोणती टेक्नॉलॉजी वापरायची हे ठरवण्याचा अधिकार धंद्याची जबाबदारी घेणाऱ्याचा असतो. तो मान्य करावा. पण त्या कामाला किती वेळ लागेल, त्यात काय मोडू शकतं आणि आज काम खरोखर कुठवर आलं आहे, हे सांगण्याचा अधिकार काम करणाऱ्याचा आहे. तो कुणाच्याही दबावाखाली सोडू नये.

शंका १

*हिंजवडीतल्या एका कंपनीत अकरा वर्षं जावावर काम करतोय. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर एकसंध आहे, जुनं आहे, पण व्यवस्थित चालतं. नवे टेक्निकल हेड आले आणि दुसऱ्याच महिन्यात टाउनहॉलमध्ये जाहीर केलं की सहा महिन्यांत सगळं मायक्रोसर्व्हिसेसमध्ये न्यायचं. सीनियर असूनही मला ते सगळ्यांबरोबरच कळलं. सरळ 'नाही' म्हणावं की गप्प बसून करावं?*
— एक सीनियर डेव्हलपर, पुणे

समाधान : दोन्ही नको. तुमच्या पत्रात दोन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत. एक, निर्णय चुकीचा आहे. दुसरी, मला विचारलं नाही. दुसरी तक्रार रास्त आहे, पण मीटिंगमध्ये ती आधी बाहेर पडली तर पहिली कुणी ऐकून घेत नाही. 'ह्यांचा मान दुखावलाय' एवढाच अर्थ काढला जातो. मानाचा विषय हेडशी एकट्यात बोला. मीटिंगमध्ये फक्त कामावर बोला.

पहिलं काम म्हणजे कारण शोधणं. डेव्हलपरना कारण दिसत नाही म्हणून ते नसतंच असं नाही. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, अँग्युलरजेएसचा ३१ डिसेंबर २०२१ ला. ओरॅकलने जानेवारी २०२३ मध्ये जावाच्या सबस्क्रिप्शनचा हिशोब कंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येवर नेला आणि अनेक कंपन्यांचा खर्च एकदम चढला. पेमेंटचा डेटा भारतातच ठेवा, असं रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बजावलं तेव्हा कंपन्यांच्या हातात सहा महिने होते. अशा वेळी बदल टळत नसतो. म्हणून हेडना एकच प्रश्न विचारा : "हा बदल केला नाही तर दोन वर्षांनी आपलं काय अडेल?" उत्तरात एखादी तारीख, रक्कम, ग्राहक किंवा नियम आला तर तुमचा विरोध तिथेच मवाळ करा. उत्तर 'सगळे हेच करताहेत' एवढंच असेल, तर तुमच्या अनुभवाची गरज तिथे आहे.

मायक्रोसर्व्हिसेसच्या बाबतीत सगळे तेच करताहेत हेही पूर्ण खरं नाही. सेगमेंट या कंपनीने २०१८ मध्ये जाहीरपणे लिहिलं की तिच्या एका यंत्रणेत १४० हून जास्त सर्व्हिसेस झाल्या होत्या. त्या जिवंत ठेवण्यातच टीमचा वेळ जाऊ लागला, म्हणून त्यांनी सगळं पुन्हा एकत्र आणलं. ॲमेझॉनच्या प्राइम व्हिडिओने २०२३ मध्ये व्हिडिओची गुणवत्ता तपासणारी एक यंत्रणा एकत्र केली आणि तिचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. मात्र ही उदाहरणं प्रामाणिकपणे वापरा. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकेका यंत्रणेची आहे, आख्ख्या कंपनीची नाही. त्यातून एवढंच सिद्ध होतं की कुठे तोडायचं आणि कुठे जोडून ठेवायचं, हे त्या त्या कामावर ठरतं.

आता लेखी टिपण करा. एकच पान. भाषा अशी असावी :

"करआकारणीचं मॉड्यूल वेगळं काढायला तीन डेव्हलपरना दहा आठवडे लागतील. त्यामुळे क्लायंटने मागितलेले दोन रिपोर्ट पुढच्या तिमाहीत जातील. आज बिल तयार होणं आणि लेजरला नोंद पडणं हे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये होतं. दोन सर्व्हिसेस झाल्यावर बिल निघालं पण नोंद पडली नाही, अशी अवस्था येऊ शकते. ती पकडायला रोज रात्री ताळमेळ लावणारा जॉब लागेल. त्याचा वेळ वरच्या अंदाजात धरला आहे. आधी हे एक मॉड्यूल पूर्ण करून मग पुढचं ठरवावं, असं सुचवतो."

या टिपणात 'चुकीचं', 'अशक्य', 'फॅड' असले शब्द नाहीत. वेळ आहे, त्या वेळात काय मागे पडेल ते आहे, नेमका धोका आहे आणि पुढची वाट आहे. नवख्या हेडलाही असं टिपण हवंच असतं, कारण त्याला वर जाऊन उत्तर द्यायचं असतं आणि तुमचा कोड त्याने अजून वाचलेला नसतो.

एकेक मॉड्यूल काढण्याच्या या पद्धतीला मार्टिन फाउलर यांनी २००४ मध्ये वडा-पिंपळाच्या कुळातल्या झाडांवरून नाव दिलं. असं झाड दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं, मुळं खाली सोडतं आणि वर्षानुवर्षांनी त्याची जागा घेतं. तसं जुन्या सिस्टिमच्या दाराशी एक राउटिंगचा थर ठेवायचा. तयार झालेल्या मॉड्यूलकडे आधी थोडे ग्राहक वळवायचे, जुन्या आणि नव्या बिलांची रोज तुलना करायची, आकडे जुळत राहिले की आणखी ग्राहक वळवायचे. फरक निघाला तर राउटिंग फिरवून जुन्यावर यायचं. हेडचा निर्णय कायम राहतो आणि मागे फिरायची वाटही मोकळी राहते. मला हाच मार्ग सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

शंका २

*मी टीम लीड आहे. आमची जुनी सिस्टिम नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायची आहे. गो-लाइव्हची तारीख आधी ठरली, अंदाज नंतर मागितला. तारीख शक्य नाही हे वर सांगितलं तर 'निगेटिव्ह होऊ नका' म्हणतात. टीमला 'होईल' म्हटलं तर मी खोटी पडते. दर शुक्रवारी स्टेटस रिपोर्टमध्ये हिरवा रंग भरताना हात अडखळतो. इकडे आड, तिकडे विहीर झालंय.*
— एक टीम लीड, ठाणे

समाधान : ताई, तुमचा हात अडखळतो हे चांगलं लक्षण आहे. त्या अडखळण्याकडे दुर्लक्ष झालं की काय होतं, याचं मोठं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे.

टीएसबी ही बँक लॉइड्स समूहातून वेगळी झाली आणि स्पेनच्या साबाडेल बँकेने ती विकत घेतली. तिचे ग्राहक लॉइड्सच्या सिस्टिमवरून साबाडेलच्या नव्या सिस्टिमवर न्यायचे होते. आधीची तारीख चुकली, नवी ठरली. नंतरच्या चौकशी अहवालात ठपका आला तो असा की या नव्या वेळापत्रकातही शेवटची तारीख आधी धरून काम मागे-मागे बसवलं होतं. आधी उशीर का झाला आणि आता होणार नाही हे कशावरून, हे संचालक मंडळाने पुरेसं खोदून विचारलं नाही. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांपैकी एकावरच झाली होती. एप्रिल २०१८ मध्ये बहुतेक सगळं एकाच शनिवार-रविवारात हलवलं. सुमारे १९ लाख ग्राहकांना आपलं खातं उघडता येईना. गाडी पूर्ण रुळावर यायला वर्ष संपत आलं. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंडांचा दंड केला, आणि २०२३ मध्ये त्या वेळच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यालाही व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा. बाहेरच्या पुरवठादाराची तयारी त्याने पुरेशी तपासली नाही, हा त्याच्यावरचा आक्षेप होता.

हे वर सांगा, पण धाक म्हणून नको. 'आपलंही असंच होणार' म्हटलं की लोक कान बंद करतात. त्याऐवजी तीन गोष्टी करा.

पहिली : 'होणार नाही' हे वाक्य सोडा आणि 'या तारखेला एवढं होईल' असं म्हणा. "३१ मार्चला नवे ग्राहक नव्या प्लॅटफॉर्मवर सुरू होतील. जुन्या ग्राहकांचा डेटा तेव्हा हलवायचा असेल तर तालमीच्या दोन फेऱ्या वगळाव्या लागतील, आणि त्याला तुमची लेखी संमती हवी." हे ऐकल्यावर तुम्हाला कुणी निगेटिव्ह म्हणणार नाही. काय सोडायचं ते त्यांनी निवडायचं आहे, आणि निवड त्यांच्या नावाने कागदावर येते.

दुसरी : गो-लाइव्हच्या अटी दोन महिने आधी ठरवून घ्या. शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाला 'होऊन जाईल' असंच वाटत असतं. अटी मोजता येतील अशा असाव्यात. उदाहरणार्थ : डेटा हलवण्याची पूर्ण तालीम दोनदा ठरलेल्या वेळात झाली, महिनाअखेरीच्या भाराची चाचणी प्रत्यक्ष जिथे सिस्टिम चालणार त्या सगळ्या सर्व्हरवर झाली, रोलबॅक एकदा खरोखर करून पाहिला. रोलबॅकचा प्लॅन बहुतेकांकडे कागदावर असतो, करून पाहिलेला क्वचित असतो. नव्या सिस्टिमवर दोन तास व्यवहार झाल्यावर परत फिरायचं ठरलं, तर त्या दोन तासांतल्या नोंदी जुन्या सिस्टिममध्ये कशा आणायच्या? या एका प्रश्नावर पाऊण दिवसाची बैठक सहज होईल. ती गो-लाइव्हच्या आधी होऊ द्या.

तिसरी : हिरवा रंग भरू नका. पिवळा भरा आणि शेजारी एक ओळ लिहा : काय अडलंय, कुणाकडे अडलंय, कधीपर्यंत सुटलं पाहिजे. वरच्या माणसाने रंग बदलायला सांगितला तर शांतपणे म्हणा, "रंग तुम्ही ठरवा, पण ही ओळ राहू दे."

टीमला काय सांगायचं? जे खरं आहे ते. "हा निर्णय मी घेतलेला नाही. माझा अंदाज मी लेखी दिलाय. निर्णय झालाय, आता तो नीट पार पाडू. तुम्हाला धोका दिसला तर त्याच दिवशी मला सांगा, मी तो वर नेईन." वरिष्ठांच्या नावाने टीमसमोर बोटं मोडू नका, त्याने दोन दिवस जवळीक वाटते आणि तिसऱ्या दिवसापासून काम ढिलं पडतं. आवडल्याचं नाटकही करू नका. लोकांना ते लगेच कळतं.

शंका ३

*सहकारी साखर कारखान्याच्या ईडीपी विभागात मी २२ वर्षं आहे. ऊसनोंदणी, वजनकाटा, तोडणी-वाहतूक, शेतकऱ्यांची बिलं, हे सगळं मी आधी फॉक्सप्रोमध्ये आणि मग व्हीबी ६ मध्ये केलं. आता संचालक मंडळाने तयार ईआरपी घेतलंय. त्या कंपनीची पोरं येतात, माझा प्रोग्राम बघून एकमेकांकडे बघतात. माझं वय ५१. आयुष्यभराचं काम पाण्यात गेलं असं वाटतं. सहकार्य करावंसं वाटत नाही.*
— एक वाचक, जि. सांगली

समाधान : दादा, तुम्हाला वाईट वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते घाईने गिळून टाकू नका. बावीस हंगाम शेतकऱ्याचं बिल तुमच्या प्रोग्राममधून निघालं. ते काम झालेलं आहे आणि ते कुणी पुसू शकत नाही.

तरी संचालक मंडळाची काळजी खोटी नाही. व्हीबी ६ आलं १९९८ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने त्या डेव्हलपमेंट टूलचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्ये थांबवला. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा जानेवारी २०१५ मध्ये संपला. आज हे काम जाणणारा नवा माणूस मिळत नाही. तुम्ही आजारी पडलात तर काटा चालेल, पण बिलात चूक निघाली तर दुरुस्त कोण करणार? हा प्रश्न तुमच्याही मनात येऊन गेला असेल.

आता ईआरपीवाल्यांकडे काय नाही ते बघा. त्यांच्याकडे स्क्रीन आहेत, डेटाबेस आहे, मोबाइल ॲप आहे. तुमच्या कारखान्याचे नियम नाहीत. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा होतं हे त्यांना कळेल. बांधणीची वजावट तुमच्याकडे किती धरतात, ऊस जळका आला तर काय करतात, नोंद एका भावाच्या नावावर आणि बिल दुसऱ्याच्या खात्यावर असेल तर कुठला कागद लागतो, सोसायटीची वसुली कोणत्या हप्त्यातून कापतात, वाहतूकदाराची उचल कोणत्या पंधरवड्यापासून वळती करतात, हे त्यांना कोण सांगणार? त्यातलं निम्मं तुमच्या कोडमधल्या अटींमध्ये आहे आणि निम्मं तुमच्या डोक्यात. ऊस नियंत्रण आदेश १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज लागतं. नव्या सिस्टिमचं बिल तीन आठवडे अडकलं तर तो कारखान्यावर बसणारा खर्च आहे.

असे नियम पुरते न समजून घेता बदल केल्याचा परिणाम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्याने भोगला. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याची पगाराची नवी सिस्टिम मार्च २०१० मध्ये सुरू झाली. परिचारिका, डॉक्टर, कामगार यांच्या पाळ्या, भत्ते, करार यांची गुंतागुंत मोठी होती, आणि गरजा नीट मांडल्याच गेल्या नव्हत्या. हजारोंना पगार कमी आला, जास्त आला किंवा आलाच नाही. २०१३ च्या चौकशीपर्यंत निस्तरण्याचा एकूण खर्च १.२ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरवर जाईल असा अंदाज आला होता.

म्हणून तुम्ही नियमवही लिहा. वही म्हणजे खरंच वही, नाहीतर एक्सेल. एकेका नियमाला एक ओळ : नियम काय, कुणाच्या ठरावाने किंवा आदेशाने आला, कोणत्या हंगामापासून लागू, आणि मागच्या हंगामातलं एक खरं बिल नमुना म्हणून. कोड उघडून प्रत्येक 'जर-तर' वाचत गेलात तर ही वही दीड-दोन महिन्यांत पुरी होईल. मग कार्यकारी संचालकांना भेटून दोन मागण्या करा. एक, नवी सिस्टिम हंगाम चालू असताना सुरू करू नये. गाळप संपल्यावर, उन्हाळ्यात सुरू करावी. दोन, मागच्या हंगामाचा एक अख्खा पंधरवडा नव्या सिस्टिममधून काढावा आणि प्रत्येक शेतकऱ्याचं बिल जुन्या बिलाशी रुपया-रुपया जुळवावं. जुळवणीची सही तुमची असावी.

असं झालं की ती पोरं तुमच्याकडे वही मागायला येतील. त्यांना द्या, हातचं राखून ठेवू नका. माहिती दाबून ठेवल्याने नोकरी टिकते हा समज खोटा आहे. त्याने फक्त संशय वाढतो. आणि त्यांच्याकडून एसक्यूएल आणि त्या ईआरपीचे रिपोर्ट कसे लिहायचे ते शिकून घ्या. टेबलं, की, जॉइन यांची तुम्हाला समज आहेच. वाक्यरचना तेवढी नवी आहे.

शंका ४

*आमच्या कंपनीत एआय कोडिंग असिस्टंट सक्तीचा झालाय. कोणी किती वापरला याचा डॅशबोर्ड मॅनेजर बघतात आणि तो आकडा अप्रेझलमध्ये धरणार आहेत. मी ज्या कोडवर आठ वर्षं काम करतोय तिथे मला ते टूल वापरून उलट वेळ जास्त लागतो असं वाटतं. काही सहकारी आकडा वाढवायला उगाच वापरतात. मीही तेच करू का?*
— एक डेव्हलपर, न्यू जर्सी

समाधान : नका करू. खोटा आकडा एकदा तयार झाला की त्याच्यावर पुढचे निर्णय होतात : माणसं किती, मुदत किती. त्या निर्णयांचा भार पुन्हा तुमच्यावरच येतो.

तुम्हाला जे वाटतं त्याला आधार आहे, पण त्याच्या मर्यादाही समजून घ्या. मीटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या ओपन सोर्स प्रकल्पांवर वर्षानुवर्षं काम केलेले १६ डेव्हलपर, त्यांच्याच प्रकल्पांतली २४६ कामं. काही कामांना एआयची परवानगी, काहींना मनाई. कोणत्या कामाला काय, ते चिठ्ठी टाकावी तसं ठरवलेलं. एआय वापरलेल्या कामांना १९ टक्के जास्त वेळ लागला. आणि काम संपल्यावर त्याच डेव्हलपरना वाटत होतं की आपण २० टक्के लवकर केलं. हा निष्कर्ष अनुभवी माणसं, त्यांचा ओळखीचा कोड आणि २०२५ च्या सुरुवातीची टूल यांच्यापुरता आहे. नव्या भाषेत पहिल्यांदा लिहिताना किंवा टेस्ट केस भराभर उभ्या करताना चित्र वेगळं असू शकतं. मॅनेजरना दाखवायची गोष्ट दुसरी आहे : या बाबतीत माणसाला स्वतःचा वेगही अचूक कळत नाही, म्हणून मोजल्याशिवाय कुणीच ठाम बोलू नये. मॅनेजरनीही नाही आणि तुम्हीही नाही.

तेव्हा विरोध टूलला नको, मोजमापाला करा. सुचवा असं : वापराचे तास मोजण्याऐवजी दोन महिने टीमच्या पातळीवर तीन गोष्टी मोजू. काम हातात घेतल्यापासून प्रॉडक्शनला जाईपर्यंत किती दिवस, रिव्ह्यूला किती वेळ, आणि महिन्याभरात किती बग परत आले. त्याबरोबर कामांचे प्रकार नोंदवा. मग कुठे टूल वापरायचं आणि कुठे नाही हे आकडेच सांगतील. दरम्यान तुम्ही ते मनापासून वापरून बघा. न वापरता केलेल्या तक्रारीला वजन नसतं.

दोन पथ्यं मात्र कधीच सोडू नका. कंपनीने मान्य न केलेल्या टूलमध्ये क्लायंटचा कोड किंवा डेटा टाकायचा नाही. आणि स्वतःला न समजलेली एक ओळही कमिट करायची नाही. कमिटवर नाव तुमचं असतं.

शंका ५

*माझी नाशिकमध्ये छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे, सहा डेव्हलपर. आमचं सॉफ्टवेअर अजून पीएचपी ५.६ वर आहे. नवीन आवृत्तीवर जाऊ म्हटलं की सगळे टाळतात. तुम्ही नेहमी डेव्हलपरची बाजू घेता. मालकाने काय करायचं?*
— एक उद्योजक, नाशिक

समाधान : इथे तुमची बाजू बरोबर आहे. पीएचपी ५.६ ला सुरक्षेचे अपडेट ३१ डिसेंबर २०१८ नंतर मिळालेले नाहीत. ग्राहकांचा डेटा तिच्यावर ठेवणं योग्य नाही. बदल करायलाच हवा, आणि तसं ठामपणे सांगायला हवं.

पण सगळे का टाळतात हे एकेकाला विचारलंत का? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं : "बदल करायचा, नवी फीचर्सही त्याच तारखेला द्यायची, आणि बिघडलं तर बोलणी आम्ही खायची." हे तिन्ही एकदम लादलं तर चांगला माणूसही टाळतो. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं. जुन्या पायथन २ ला आधी २०१५ पर्यंत आणि मग १ जानेवारी २०२० पर्यंत मुदत द्यावी लागली. जगभरचे डेव्हलपर आळशी होते असं नव्हे. ज्या लायब्ररींवर त्यांचं काम उभं होतं त्या आधी हलायला हव्या होत्या. तुमच्याकडेही अशा लायब्ररी असतील. त्यांची यादी हे पहिलं काम.

मग एक महिना नवी फीचर्स थांबवा आणि ग्राहकांना तसं स्वतः कळवा. शिकण्याचा वेळ ऑफिसच्या वेळेत द्या. शनिवार-रविवार मागू नका. आणि सहाही जणांसमोर म्हणा की या महिन्यात काही मोडलं तर फोन मी घेईन. बघा, टाळाटाळ किती कमी होते ते.

शंका ६

*आमचा प्रोजेक्ट नव्या प्लॅटफॉर्मवर गेला. मला ट्रेनिंग दिलं नाही, तीन महिने बेंचवर ठेवलं, आणि आता एचआर म्हणतं, 'राजीनामा द्या, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ.' द्यावा का?*
— एक वाचक, ऐरोली

समाधान : त्या खोलीत बसून तर मुळीच देऊ नका. राजीनामा स्वखुशीचा मानला जातो आणि कपातीत मिळणारं संरक्षण त्याबरोबर जातं. "मला विचार करायला वेळ हवा, तुमचं म्हणणं ईमेलवर द्या," एवढं बोलून उठा. ट्रेनिंग मागितल्याचे, काम मागितल्याचे सगळे ईमेल तारखेनुसार जपून ठेवा.

कायदा थोडक्यात असा. औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कामाच्या तंत्रात सुधारणा केल्यामुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल, तर २१ दिवस आधी बदलाची नोटीस देण्याची तरतूद तिच्यात आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ती होती. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. प्रश्न असतो तो तुम्ही कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' ठरता का, हा. ते पदाच्या नावावर ठरत नाही. प्रत्यक्ष काम काय होतं, हाताखाली माणसं होती का, रजा मंजूर करण्याचे अधिकार होते का, यावर ठरतं. म्हणून नेमणूकपत्र आणि ते ईमेल घेऊन कामगार कायद्याच्या वकिलाला एकदा भेटा. कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते. आणि हे चालू असताना तो नवा प्लॅटफॉर्म स्वतःहून शिकायला लागा. इथे राहिलात तरी आणि दुसरीकडे गेलात तरी तो उपयोगी पडेल.

बऱ्याच वाचकांनी शेवटी एकच विचारलंय : मग नोकरी सोडायची कधी? न आवडणाऱ्या टेक्नॉलॉजीसाठी सोडू नका. टेक्नॉलॉजी पुन्हा बदलेल. तुम्ही लेखी अंदाज दिला, धोका दाखवला, मार्ग सुचवला, दिलेलं काम मन लावून केलं, आणि तरीही तुमच्याकडून खोटा रिपोर्ट मागितला जात असेल, तर तिथे थांबू नका. तोवर मात्र भांडण किंवा मौन यांतलं काही निवडण्याआधी ते एक पानाचं टिपण लिहा. येत्या सोमवारीच लिहा.